मामांची डिझेल ॲम्बेसेडर आणि बीएस-६ चं डिझेल : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, परभणी

मामांची ॲम्बेसेडर काल सेलूहून टोचन करून आणली. १९९४ ची नोव्हा, डिझेल, १४८९ सीसी. बीएमसीच्या जुन्या ब्रिटिश डिझाइनचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आतच, आणि इंजेक्शनला सीएव्ही कंपनीच्या डीपीए घराण्यातला रोटरी पंप, म्हणजे फिरत्या रोटरने प्रत्येक नोझलला डिझेल मोजून देणारा. पासिंगची मुदत संपलीय. पुन्हा पाच वर्षं वाढवून घ्यायची तर आधी गाडी आपल्या पायांनी आरटीओपर्यंत गेली पाहिजे.

मामांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवतो : "२०२० परेंत ह्या गाडीनं एक दिवस दगा दिला नाही. ते नवं डिझेल आलं अन् पंपच बसला बघ." तिकडच्या एका गॅरेजवाल्यानं त्यांना सांगितलंय की बीएस-६, म्हणजे भारत स्टेज या प्रदूषण मानकाच्या नव्या टप्प्याच्या, डिझेलमधून सल्फर काढून टाकलंय, त्यामुळे डिझेल 'कोरडं' झालंय आणि जुने पंप खाऊन टाकतंय. इलाज एकच, हेड-रोटर (पंपाचा आतला फिरता गाभा आणि त्याचं घर) बदला, नाहीतर अख्खा पंपच बदला. त्याने सांगितलेल्या आकड्यात गाडी भंगारात घालून वर मामांना चार दिवस तिरुपतीला जाऊन येता येईल.

आज बॉनेट उघडून जे दिसलं ते असं. पंप खालून ओला, माती धरलेला. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि वास घेतला तर डिझेलचा. रिटर्नच्या कापडी विणीच्या नळ्या बोटाने चुरगळतात. सकाळी पहिल्या स्टार्टला बराच वेळ सेल मारावा लागतो, मग पांढरा धूर सोडत उठते. म्हणजे कुठेतरी एअर घेते.

ऑइल वाढणं हे सगळ्यात वाईट लक्षण. पंपाच्या ड्राईव्ह शाफ्टचं सील गेलं की डिझेल आतल्या आत इंजिन ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी पळवत राहिलं तर बेअरिंग जातात, आणि तेव्हा सल्फरची चर्चा करायला इंजिनच उरत नाही. ऑइल आजच काढून टाकलं.

मामांच्या गोष्टीत मला एक गाठ दिसते. बीएस-६ चं डिझेल देशभर लागू झालं १ एप्रिल २०२० ला. लॉकडाऊन लागला २५ मार्चला. गाडी तेव्हापासून पुढच्या वर्षीच्या लग्नसराईपर्यंत वाड्यात अर्ध्या टाकीवर उभी होती. एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोष एकीवरच गेला.

१४ नोव्हेंबर

डिझेलमधलं सल्फर नेमकं कधी किती कमी झालं, त्याचा हिशोब आधी मांडून घेतला. ही गाडी घेतली त्या काळात आपल्याकडच्या डिझेलला एक टक्क्यापर्यंत सल्फर चालत होतं, म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत दहा हजार). २००० साली देशभर पाव टक्का, २,५०० पीपीएम. पुढे बीएस-२ ला ५००, बीएस-३ ला ३५०, बीएस-४ ला ५० आणि बीएस-६ ला १०.

पीपीएमने डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून वजनात काढलं. पन्नास लिटर डिझेल म्हणजे साधारण साडेएकेचाळीस किलो. एक टक्क्याच्या मर्यादेचं डिझेल असेल तर त्या टाकीत ४१५ ग्रॅम गंधक मावत होतं. पाव टक्क्याला १०४ ग्रॅम. ३५० पीपीएमला साडेचौदा ग्रॅम. ५० ला दोन ग्रॅम. आज अर्धा ग्रॅमसुद्धा नाही.

आता गंमत बघा. २०२० ला जी उडी म्हणून ओरड झाली ती दोन ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमची. त्याच्या कितीतरी पट मोठी घसरण आधीच होऊन गेली होती आणि ती कुणाच्या पंपाने मनावर घेतली नव्हती.

शिवाय सोलापूर. २०१० मध्ये देशभर बीएस-३ आलं तेव्हा तेरा शहरांना थेट बीएस-४ चं इंधन मिळालं. मुंबई, पुणे, हैदराबाद ही नावं कुणालाही सुचतील, पण त्या यादीत सोलापूरही होतं. म्हणजे २०१० ते २०१७ या काळात तुळजापुरात ३५० पीपीएमचं डिझेल आणि पंचेचाळीस किलोमीटरवर सोलापुरात ५० चं. मामांची थोरली मुलगी सोलापुरात दिलेली. दर नवरात्रात तुळजापूर करून पुढे लेकीकडे, आणि परत निघताना जावई टाकी भरून देणार, हा रिवाज. या गाडीने कमी सल्फरचं डिझेल बीएस-६ च्या दहा वर्षं आधीपासून प्यायलंय. वर्षातून एखादी टाकी म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य. पण एप्रिल २०१७ पासून सेलूच्या पंपावरही ५० चंच होतं, आणि पुढची तीन वर्षं गाडी रोज चालली. तेव्हा पंप बसला नाही.

मामांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "आकडे तुझ्यापाशी ठेव. गळतंय कामून ते सांग."

१७ नोव्हेंबर

'कोरडं डिझेल' ही अफवा नाही, हे आधी लिहायला हवं. गॅरेजवाल्याने ऐकलेली गोष्ट खरी आहे, फक्त ती जुनी आणि अर्धी आहे.

डिझेलमधलं सल्फर काढतात ते हायड्रोजन देऊन, दाबाखाली, तापवून, उत्प्रेरकावरून नेऊन. सल्फर हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. पण त्या भट्टीत डिझेलमधली ऑक्सिजन आणि नायट्रोजनवाली काही संयुगंही नष्ट होतात, आणि धातूला चिकटून वंगणाचा पातळ थर धरण्याचं काम खरं तर ही मंडळी करत असतात. सल्फर स्वतः काही ग्रीस नाही. सल्फरबरोबर हे वंगण वाहून जातं, आणि आळ सल्फरच्या जाण्यावर येतो.

स्वीडनने १९९१ मध्ये जवळजवळ सल्फरमुक्त असं 'वर्ग १' चं डिझेल बाजारात आणलं तेव्हा तिथे रोटरी पंप खरोखर धडाधड गेले. त्यातूनच वंगणक्षमता मोजायची चाचणी आणि वंगण वाढवणारी रसायनं पुढे आली. चाचणीचं नाव एचएफआरआर. ६० अंशाला तापवलेल्या डिझेलमध्ये पोलादाची सहा मिलिमीटरची गोळी पोलादी चकतीवर दोनशे ग्रॅमच्या भाराखाली, सेकंदाला पन्नास वेळा, एक मिलिमीटर इकडे-तिकडे घासायची. पंचाहत्तर मिनिटांनी गोळीवर पडलेला घासल्याचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. आपल्या आयएस १४६० मानकात हा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, युरोपातही तोच आकडा. अमेरिकेत ५२० चालतो. डिझेल नापास होत असेल तर त्यात वंगणाचं रसायन घालूनच ते विकावं लागतं. म्हणजे रिफायनरीत जे गेलं ते डेपोतून टँकर भरण्याआधी परत घातलं जातं. आपल्याकडे संभाजीनगरच्या बाजूला टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतात, लातूर-धाराशिवकडे सोलापूरच्या पाकणीहून. दोन्हीकडे मानक एकच.

हे झालं कागदावरचं. पंपांमधला फरक मात्र खराच आहे. आपल्या काळ्या-पिवळ्या जीपांतल्या ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं, त्याला इनलाइन पंप. त्याची कॅम आणि टॅपेट वंगणाच्या तेलात फिरतात, डिझेलवर जगतात ते फक्त प्लंजर. आमच्या शेतातल्या विहिरीवरच्या सिंगल सिलिंडर इंजिनाचंही तसंच, ते बीएस-कितीचंही डिझेल द्या, ढक ढक करत पाणी उपसतं. डीपीए पंपाचं तसं नाही. त्याच्या आतला रोटर, प्लंजर, कॅम रिंगवरचे रोलर, ट्रान्सफर पंपाची पाती, सगळं डिझेलमध्येच बुडालेलं. ऑइलचा थेंब नाही. वाईट डिझेल आलं तर पहिला मार यालाच. म्हणून 'पंप उघडून बघायचाच' हे ठरलं.

२४ नोव्हेंबर

पंप काढला. काढण्याआधी फ्लँजवरची टाइमिंगची खूण छिन्नीने पुन्हा ठळक करून घेतली. तीस वर्षांत किती मिस्त्रींचे हात लागलेत त्याचा नेम नाही. नोझलच्या पोलादी नळ्या सुटल्या, एका बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर इतके दाबले गेलेले की कागद वाटावेत.

पंपाच्या बाहेर ॲक्सिलरेटरच्या दांडीपाशीही ओल होती. तिथे आत छोटी ओ-रिंग असते. म्हणजे गळती एका जागी नाही, जिथे जिथे रबर आहे तिथे तिथे आहे. धातू झिजला असता तर गळती आतल्या आत झाली असती, बाहेर पंप कोरडा दिसला असता. हा मुद्दा मला बराच जड वाटतो.

२६ नोव्हेंबर, जालना

जुन्या मोंढ्याकडे एक पंप टेस्टिंगवाले चाचा आहेत. टेस्ट बेंच त्यांच्याहून थोडीच लहान असेल. मी एक विनंती केली, की उघडायच्या आधी आहे तसाच बेंचवर फिरवा. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "सर, गिऱ्हाईक असं कधी म्हणत नाही. बसा."

कमी फेऱ्यांवर, म्हणजे सेल मारताना पंप जेवढा फिरतो तेवढ्याच गतीला, चारही नळ्यांतून किती डिझेल पडतं ते सगळ्यात महत्त्वाचं. हेड आणि रोटर झिजलेले असतील तर या गतीला डिझेल फटीतून मागे पळतं आणि काचनळ्या भरतच नाहीत. जोरात फिरवल्यावर झिजलेला पंपही बरा दिसतो. आमच्या काचनळ्या भरल्या. चारही जवळपास सारख्या. शाफ्टच्या सीलमधून मात्र धार लागली होती, चाचांनी खाली ट्रे सरकवला.

मग उघडला. रोटर हातात घेऊन त्यांनी खिडकीकडे धरला. उभ्या ओरखड्याचं नाव नाही, पाण्यासारखी चकाकी. रोलर आणि कॅम रिंगवर वयाच्या मानाने किरकोळ खुणा. ट्रान्सफर पंपाची पाती थोडी घासलेली, तेवढी बदलायची ठरली. आणि मग त्यांनी शाफ्टचं सील काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नख दाबलं तर नख वाकतं. ओ-रिंगा गोल नव्हत्याच, एका बाजूने चपट्या, कडक, एक तर काढतानाच तुटली.

"पंप जिंदा है सर," चाचा म्हणाले, "रबर मर गया."

रबर का मेलं याचं उत्तर अर्धं डिझेलमध्ये आहे, आणि ते सल्फरपाशी नाही. डिझेलमध्ये ॲरोमॅटिक नावाची संयुगं असतात. जुन्या पंपांतलं नायट्राइल रबर ती शोषून थोडं फुगतं आणि फुगलेल्या अवस्थेतच वर्षानुवर्षं जागा धरून बसतं. सल्फर काढायच्या प्रक्रियेत ॲरोमॅटिकही कमी होतात. आपल्या मानकात बहुचक्रीय ॲरोमॅटिकची मर्यादा बीएस-४ ला ११ टक्के होती, बीएस-६ ला ८ केली. असं डिझेल आलं की रबरातली जुनी संयुगं हळूहळू बाहेर निघतात आणि रबर आकसतं. रबर तरुण असेल तर ते आकसूनही दाब धरतं. म्हाताऱ्या रबरात ती लवचिकता राहिलेली नसते, तिथे फट पडते. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये ५०० पीपीएमचं डिझेल सक्तीचं झालं तेव्हा तिथेही नेमकं हेच झालं. जुन्या गाड्यांचे पंप गळू लागले, नव्यांचे नाही.

उरलेलं अर्धं उत्तर वाड्यात उभं राहण्याचं. पंपातलं डिझेल रिटर्नच्या फुटक्या नळीतून उतरून गेलं, जागेवर हवा आली, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली ते रबर सुकत राहिलं. या गाडीपुरतं माझं मत असं की उभं राहण्याचा वाटा मोठा. गाडी चालती राहिली असती तरी सील कधीतरी गेलंच असतं, पण एक-एक करून गेलं असतं. सगळी सीलं एकाच मोसमात जाणं हे सुकण्याचं काम आहे.

चाचांकडे दोन प्रकारचं किट होतं, साधं नायट्राइलचं स्वस्त आणि व्हायटॉन या वेगळ्या कृत्रिम रबराचं त्याच्या बरंच वर. व्हायटॉन घेतलं. व्हायटॉन डिझेलमध्ये फारसं फुगतही नाही आणि आकसतही नाही, आणि उष्णता जास्त सोसतं. हेड-रोटरला हात लावला नाही. एकूण बिल सेलूच्या आकड्याच्या पावपटही नाही.

निघताना चाचांना विचारलं, हल्ली बीएस-६ मुळे बसलेले पंप येतात का. त्यांनी मान हलवली. ओरखडे पडलेले, जाम झालेले रोटर त्यांनी सगळ्यात जास्त पाहिले ते निळ्या रॉकेलच्या काळात. रेशनचं रॉकेल डिझेलमध्ये मारायचं, ढाब्यामागे टँकर रिकामे व्हायचे, तो काळ. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि वंगणात गरीब, ते पंपाच्या आतून वाळूच फिरवल्यासारखं. तो धंदा किती थराला गेला होता ते महाराष्ट्राने पाहिलंय. २५ जानेवारी २०११ ला पानेवाडीजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. आज जे लोक 'पूर्वीचं डिझेल कसं दमदार होतं' म्हणतात, त्यांच्या टाकीत तेव्हा नेमकं काय होतं हा प्रश्न मला पडतो.

१ डिसेंबर

टाकी उतरवली. तळाशी पाणी, गंज आणि काळा लगदा. रॉडने खरवडून, दोनदा धुऊन, उन्हात वाळवली. दोन्ही फिल्टर नवे, सगळ्या रबरी नळ्या नव्या. फीड पंपाचा पडदाही बदलला, तोही त्याच वयाचा. टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये पारदर्शक भांड्याचा वॉटर सेपरेटर बसवला. मूळ गाडीत तो नव्हता, पण पाणी हा रोटरी पंपाचा सल्फरपेक्षा मोठा वैरी आहे.

८ डिसेंबर

पंप बसवला, खुणेला खूण जुळवली. एअर काढायला दुपार गेली. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचे दोन, मग नोझलच्या नट सैल करून सेल. तिसऱ्या नोझलपाशी फेस थांबून साफ डिझेल आलं आणि गाडी उठली. धूर आधी पांढरा, मग निळसर, मग जवळजवळ काहीच नाही. टाकीत परभणीतल्याच पंपावरचं साधं डिझेल, त्यात काहीही मिसळलेलं नाही. हे मुद्दाम. परीक्षा डिझेलची आहे तर डिझेलचीच व्हावी.

२९ डिसेंबर

ऑइल नव्याने भरलं तेव्हा डिपस्टिकवर जिथे होतं तिथेच आहे. पंपाखाली पुठ्ठा ठेवला होता, कोरडा.

१२ जानेवारी २०२५

परभणीची थंडी मराठवाड्यात नाव काढून आहे, कृषी विद्यापीठातला पारा पेपरात येतो तो उगाच नाही. सकाळी हीटर प्लग नेहमीपेक्षा जरा जास्त धरले की पहिल्या-दुसऱ्या फेरीत उठते. एक प्लग मेलेला निघाला, बदलला. बीएस-६ चा एक फायदा इथे गुपचूप मिळतो. सिटेन क्रमांक किमान ५१ हवा असं मानक सांगतं, आणि १९९४ च्या डिझेलला एवढी अट नव्हती. सिटेन जास्त तर पेट लवकर, थंडीतला खडखडाट आणि पांढरा धूर कमी.

१९ जानेवारी

गल्लीत गाडी उभी असली की सल्ले आपसूक येतात. आजचे दोन.

पहिला टूटी ऑइलचा, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये घालायच्या तेलाचा. शेजारचे दादा प्रत्येक टाकीत थोडं टूटी घालतात, 'पंपाला पोषण' म्हणून. कॉलेजच्या लॅबमध्ये तेलाची जाडी मोजायचा रेडवुड व्हिस्कोमीटर आहे, म्हणून तीन नमुने केले : साधं डिझेल, टूटी मिसळलेलं आणि रॉकेल मिसळलेलं. टूटीवालं डिझेलपेक्षा किंचित सावकाश उतरलं, रॉकेलवालं चटकन. पण यावरून निकाल काढायचा नाही. जाडी वेगळी आणि वंगण वेगळं. मानकात जाडी ४० अंशाला २ ते ४.५ सेंटिस्टोक अशी दिलीय आणि वंगणाची ती गोळीवाली चाचणी स्वतंत्र दिलीय, ती उगाच नाही. सारख्याच जाडीच्या दोन डिझेलांपैकी एक पास आणि एक नापास होऊ शकतं. टूटी घातल्याने फार बिघडेल असं नाही, पण ते पेट्रोलबरोबर जळायला केलेलं तेल आहे, आणि पंपावर मिळणारं डिझेल आधीच पास झालेलं आहे. मी घालणार नाही.

दुसरा सल्ला मामींचा, आणि तो शास्त्राच्या जास्त जवळचा निघाला. "करडीचं तेल टाक की दोन चमचे." वनस्पती तेलांतली आम्लं आणि एस्टर धातूला चांगली चिकटतात. रिफायनऱ्या जी वंगणाची रसायनं घालतात तीही याच कुळातली, आणि डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल मिसळलं तरी वंगणक्षमता लक्षात येण्याइतकी सुधारते. पण बायोडिझेल म्हणजे प्रक्रिया केलेलं तेल. घाण्याचं कच्चं तेल डिझेलच्या कितीतरी पट घट्ट, आणि करडीचं तर हवेवर सुकून चिकट होणाऱ्यातलं. ते नोझलच्या टोकावर कोळसा धरतं आणि पंपात राळ. मामींना सांगितलं, तेल भाजीतच बरं. "मग तुमचा शोध काय कामाचा," असं त्या म्हणाल्या.

कुणी तरी ई-२० चंही काढलं. तो पेट्रोलवाल्यांचा प्रश्न, इथेनॉलचा. त्याचा या डिझेलशी संबंध नाही.

९ फेब्रुवारी

ऑइल बदललं, १५ डब्ल्यू ४०, साधं मिनरल. जुनं ऑइल काळं पण अंगचं घट्ट, डिझेलचा वास नाही.

कमी सल्फरचा खरा लाभ जुन्या इंजिनाला इथे होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सल्फर जळून सल्फर डायऑक्साइड होतं, त्यातला थोडा भाग ट्रायऑक्साइड होऊन पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक ॲसिड. छोट्या फेऱ्यांत, इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत, ते सिलिंडरच्या भिंतींवर आणि सायलेन्सरात जमतं. रिंगा खाल्ल्या जातात, सायलेन्सर आतून कुजतो. ऑइलमध्ये या ॲसिडला मारायला क्षार घातलेला असतो, त्याचा आकडा म्हणजे टीबीएन. पूर्वी हा क्षार पाहता पाहता खर्च व्हायचा. टाकीमागे शंभर-चारशे ग्रॅम गंधक जाळणारं इंजिन आणि अर्धा ग्रॅमही न जाळणारं इंजिन यांचं आतलं आयुष्य सारखं कसं असेल? मामांच्या गाडीचे सायलेन्सर ते दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, हे त्यांनीच सांगितलं. त्याचा दोष ते रस्त्यांना देतात.

तरीही ऑइल मी पाच हजारांवरच बदलणार. या जुन्या पद्धतीच्या इंजिनात काजळी भरपूर होते, ती सल्फर गेल्याने संपत नाही.

नव्या गाड्यांसाठी कारण वेगळं. त्यांच्या धुरांड्यातला उत्प्रेरक आणि काजळी अडवणारा फिल्टर सल्फरने निकामी होतो. सल्फर १० वर आणलं ते त्यांच्यासाठी. आपल्या ॲम्बेसेडरला उत्प्रेरकच नाही, तिला ॲसिड कमी हा फायदा फुकटात मिळाला.

१३ एप्रिल

ज्या परीक्षेची वाट बघत होतो ती आज. पारा चाळीसच्या वर. झिजलेल्या डीपीए पंपाची ओळख उन्हाळ्यात पटते. सकाळी गाडी मुकाट उठते, पण तासभर पळवून बंद केली की नंतर उठत नाही. पंप तापलेला, डिझेल पातळ झालेलं, सेलच्या गतीला ते सगळं फटीतून मागे पळतं. यावर मिस्त्री लोकांची जुनी परीक्षा आहे. पंपाच्या हेडवर ओलं फडकं टाकायचं, थोडं पाणी सोडत राहायचं, पाच-दहा मिनिटांनी सेल मारायचा. गाडी उठली तर समजायचं हेड-रोटर झिजलाय, कारण थंड होऊन डिझेल घट्ट झालं एवढंच बदललं.

भर दुपारी मानवतपर्यंत जाऊन आलो. परत येऊन गाडी उन्हातच बंद केली, पंपाला हात लावता येईना. ओलं फडकं बादलीत तयार होतं. दहा मिनिटं थांबून सेल मारला. अर्ध्या फेरीत उठली. पुन्हा बंद, पुन्हा सेल, पुन्हा तेच. फडकं वापरायची वेळच आली नाही, त्याने काच पुसली.

२०१७ पासून कमी सल्फरच्या डिझेलवर चाललेला, तीस वर्षांचा मूळ रोटर आहे हा. बदलायला सांगितलेला.

१८ मे

पीयूसी. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्टरिज युनिट, बीएस-४ वाल्यांना ५०. आमची मर्यादेच्या आरामात आत. पीयूसीवाला पोरगा दोनदा नळी काढून बघत होता, मशीन बरोबर आहे ना म्हणून.

पिकअपबद्दल मामांची एक तक्रार अजून आहे : "पहिल्यावानी ओढत नाही." जास्त प्रक्रिया झालेलं डिझेल थोडं हलकं असतं आणि लिटरमागे ऊर्जा एखाद टक्क्याने कमी भरते, हे खरं. पण चाळीस हॉर्सपॉवरमधला एक टक्का कुणाच्या पायाला कळत नाही. मामांचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं, हे मी बोललो नाही.

१५ जून

पासिंग झालं, गाडी सेलूला पोचवली. डिपस्टिक हलली नाही.

राहिलेलं काम : दोन नंबरचं नोझल बंद करताना थेंब सोडतं, ते पुढच्या वेळी बेंचवर. डाव्या मागच्या दाराचं लॉक. स्टिअरिंगचा खेळ. पंपाला कुणी हात लावायचा नाही, तो गॅरेजवाला तर नाहीच. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा वीस मिनिटं चालू ठेवायची. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू पंधरा दिवसांनी उघडून पाणी सोडायचं. मामांनी हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलंय, आणि त्याच्याखाली स्वतःच्या हाताने 'टूटी ऑइल आणणे' असंही.